पहिल्यांदा हिल मॅरेथॉन पळणार असशील तर

नाव नोंदवलंस, फार बरं केलंस. आता सपाट रस्त्यावरच्या २१ किलोमीटरची वेळ डोक्यातून काढून टाक. साताऱ्याची हिल मॅरेथॉन वेगळी आहे. निम्मं अंतर यवतेश्वरचा घाट चढत कासच्या रस्त्याला जायचं आणि त्याच वाटेनं खाली यायचं.

समर्थ मंदिरापर्यंत गर्दी, ढोल-ताशे, टाळ्या. पाय आपोआप सुटतात. तिथंच स्वतःला आवर. पुढं घाटाला लागलं की खरा चढ सुरू होतो. पावलं छोटी टाक, नजर दहा-पंधरा फुटांवर ठेव, आणि शेजारच्याशी एखादं वाक्य बोलता येईल एवढाच वेग धर. दम लागला तर बिनधास्त चाल, त्यात कमीपणा काही नाही.

नवखे चढाला घाबरतात, पण पाय मोडतो उतार. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार झेलतो. पहिल्या वर्षी मी उतारावर लांब ढांगा टाकत सुटलो. सतराव्या किलोमीटरला मांड्या अशा थरथरल्या की कठड्याला धरून उभा राहिलो. पुढं दोन दिवस जिना उलटा उतरत होतो. म्हणून आठवड्यातून एकदा घाटात जा आणि चढाइतकाच उताराचाही सराव कर. पाऊल शरीराच्या खालीच पडू दे, टाच पुढं आपटू नकोस.

बुटाच्या नाड्या उतारासाठी घट्ट बांध, नखं आधी काप. सप्टेंबरात धुकं, भुरभुर पाऊस असतोच, म्हणून काखेत-जांघेत व्हॅसलीन लाव. नवे बूट मात्र त्या दिवशी अजिबात घालू नकोस.