हळद जखमेत पेशी वाढवते आणि कॅन्सरमध्ये रोखते, हे दोन्ही खरं कसं?

हळदीतलं मुख्य द्रव्य कर्क्युमिन. ते पेशीला ‘वाढ’ किंवा ‘थांब’ असा हुकूम देत नाही. हुकूम ग्रोथ फॅक्टरचा, म्हणजे पेशींना वाढायला सांगणाऱ्या प्रथिनाचा असतो. तो पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो, निरोप आत जातो आणि कर्क्युमिन त्या निरोपात ढवळाढवळ करतं. प्रयोगशाळेतल्या कॅन्सरपेशींत ईजीएफ या ग्रोथ फॅक्टरच्या रिसेप्टरचा निरोप त्याने मंदावतो. उंदरांच्या जखमेत सूज उतरते, टीजीएफ-बीटा हा ग्रोथ फॅक्टर वाढतो, जखम सांधणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी गोळा होऊन कोलॅजन या प्रथिनाचं जाळं घालतात. पेशी वेगळी, मात्रा वेगळी, म्हणून परिणामही वेगळा.

पण ‘हळदीने जखम भरते’ हे वाक्य वाचलं की मला अण्णांचा पाय दिसतो.

अण्णा सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचे. शुगर जुनी होती. गड्ड्याच्या यात्रेहून आले त्या रात्री आईला अंथरुणावर रक्त दिसलं. चपलेतून खिळा अंगठ्याखाली घुसला होता आणि त्यांना कळलंही नव्हतं. दादाने तेलात हळद गरम करून दाबली, वर फडकं बांधलं. मी तेव्हा बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करत होते. ‘डॉक्टरांकडे नेऊ’ म्हणाले, तर दादा म्हणाला, “अमेरिकेनं हळदीचं पेटंट घेतलं होतं, ते काय उगाच?” अकरा दिवस लेपावर लेप चढला. त्या पिवळ्या थराखाली ना लाली दिसली, ना पू. वास सुटला तेव्हा कुठे रिक्षा बोलावली. अंगठा काढावा लागला.

आता त्या पेटंटबद्दल. जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं, कारण हा वापर नवा नव्हता, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला होता. मला त्याचा अभिमानच आहे. पण शुगरच्या पायावर हळद पुरते का, याचा निवाडा तिथे झालाच नव्हता. दादाने तो परस्पर लावून टाकला.

शुगरच्या जुन्या जखमेत ग्रोथ फॅक्टर तयार झाले तरी तिथली एन्झाइम्स ते तोडतात. रक्त कमी पोचतं, नसा बधिर असतात. त्याच 1997 साली अमेरिकेत पीडीजीएफ या खऱ्याखुऱ्या ग्रोथ फॅक्टरचं जेल अशा जखमांसाठी मंजूर झालं. तेही नुसतं चोपडून भागत नाही. मेलेलं मांस काढावं लागतं, पायाला रक्तपुरवठा असावा लागतो. मग घरच्या डब्यातल्या हळदीकडून काय अपेक्षा धरायची?

भाजी चिरताना बोट कापलं तर मीही हळदच दाबते. तिथे माझी काही तक्रार नाही.

आणि तुमच्या घरी कॅन्सरचा रुग्ण असेल तर कर्क्युमिनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. हळदीत कर्क्युमिन साधारण 2 ते 5 टक्के. पोटात गेलेलं फारसं शोषलंच जात नाही, जे थोडं शोषलं जातं तेही यकृत झटपट निकालात काढतं. म्हणून गोळ्यांत मिऱ्यातलं पायपेरिन घालतात, पण ते इतर औषधांचंही प्रमाण बदलू शकतं. केमो चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दादा, तू हे वाचशीलच. आईलाही आता शुगर आहे. रोज रात्री तिचे तळवे उजेडात बघ आणि काही दिसलं तर डबा उघडण्याआधी मला फोन कर.