उतारवयातलं ताट : वाचकांचे प्रश्न, वैद्यांची उत्तरं

आषाढ लागला की दवाखान्यातल्या बाकावर साठीपुढची मंडळी वाढतात आणि बहुतेकांची तक्रार पोटाचीच असते. या वेळी पत्रंही तशीच आली आहेत. त्यातल्या सहा पत्रांना इथं उत्तरं देते. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : वय ७१. तरुणपणी तालमीत होतो, मटणाशिवाय रविवार गेला नाही. गेल्या वर्षी त्र्यंबोलीच्या जत्रेचं जेवण रात्री दहाला झालं आणि पुढं दोन दिवस पोट धरून बसलो. तेव्हापासून पोरांनी मटण बंदच केलं. रोज वरण-भात खाऊन अंगात त्राण राहिलं नाही. माझं खरंच बंद झालं का? (शिवाजी पेठ)

काका, बंद झालेलं नाही. पोरांची काळजी खरी आहे, पण उपाय चुकला.

आयुर्वेदाच्या जुन्या आचार्यांपैकी चरकांनी साठीपुढच्या वयाला जीर्ण म्हटलं, सुश्रुतांनी म्हातारपण सत्तरीपासून धरलं. या वयात वात वाढतो, यावर मात्र दोघांचं एकमत आहे. वात वाढला की अग्नी, म्हणजे पचनशक्ती, विषम होतो. एक दिवस सपाटून भूक लागते, दुसऱ्या दिवशी ताटावर बसवत नाही. तालमीत जोर-बैठका मारून आल्यावर जे पचायचं, ते त्या वयाच्या अग्नीनं पचवलं. आज तो तेवढा राहिलेला नाही.

त्यात हा पावसाळा. आचार्य वाग्भटांच्या ऋतुचर्येत, म्हणजे ऋतूप्रमाणं कसं खावं-वागावं या भागात, या ऋतूतला अग्नी पार खचलेला सांगितला आहे. गंमत बघा, त्याच ठिकाणी पावसाळ्यात काय खावं हे सांगताना जुनं धान्य आणि कढणांबरोबर हलक्या मांसाचा रसही सांगितला आहे. बकऱ्याच्या मांसाबद्दल तर चरक म्हणतात, ते फार थंड नाही, फार जड नाही, फार तेलकट नाही आणि शरीर भरून काढतं. म्हणजे बकऱ्याशी भांडण नाहीच. भांडण आहे ते तांबड्या रश्श्यावरच्या बोटभर तर्रीशी, पांढऱ्या रश्श्यात घातलेल्या खोबऱ्याचं दूध, काजू आणि खसखशीशी, आणि सगळ्यात जास्त रात्री दहाच्या पंगतीशी.

यावरचा तोडगा आपल्याच चुलीवर आहे : अळणी. हळद, मीठ, आलं-लसूण लावून मटण शिजवलं की जे पाणी सुटतं ते. घरातल्या लहान पोराला आपण आधी तेच देतो ना? तुमच्यासाठीही तेच काढून ठेवायला सांगा. वर आलेली चरबी डावानं काढायची, चिमूटभर मिरपूड आणि थोडं जिरं घालायचं. दुपारी एकच्या आत एक वाटी गरम अळणी, त्यात मऊ शिजलेले दोन-तीन तुकडे आणि ज्वारीची एक भाकरी. तांबड्याची चव लागलीच तर दोन चमचे भातावर घ्या, वाटी तोंडाला लावू नका. आठवड्यातून एकदा. त्या दिवशी रात्री फक्त मुगाचं कढण, किंवा भूक नसेल तर काहीच नाही.

पचलं की नाही हे कसं ओळखायचं? आपल्याकडं याची फार नेमकी खूण सांगितली आहे. ढेकर स्वच्छ येतो, अंग हलकं वाटतं, शौचाला-लघवीला नीट होतं, मग भूक-तहान लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी ढेकराला रश्श्याचा वास आला, तर कालचं जेवण अजून पोटातच आहे. त्यावर नाष्टा चढवू नका. पहिलं पचायच्या आत दुसरं खाणं याला अध्यशन म्हणतात आणि उतारवयातल्या निम्म्या तक्रारी मला तिथंच सापडतात.

किडनीचा आजार असेल किंवा युरिक अ‍ॅसिड वाढलेलं असेल, तर मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नका.

प्रश्न : रात्रीच्या जेवणात दही नको म्हणतात, पण ताक चालतं का? आमच्याकडं दोन्ही एकच समजतात. (राजारामपुरी)

एक नव्हेत. दही जड, आंबट आणि अंगात चिकटपणा वाढवणारं आहे. रात्री दही खाऊ नये असं चरकांनी स्पष्ट सांगितलं आहे. दह्यात चौथा हिस्सा पाणी घालून घुसळलं आणि लोणी काढलं की तेच हलकं होतं, भूक वाढवतं. ताक घ्यायचं ते दुपारच्या जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर, ताजं, भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून. दोन दिवसांचं आंबट ताक नको. रक्तदाब असेल तर मीठ जपून. सैंधव घातलं म्हणून मोकळीक मिळते असा बऱ्याच जणांचा समज आहे, पण सैंधव हेही मीठच आहे.

प्रश्न : वय ६६. आठ वर्षं रोज रात्री दुकानातलं पोट साफ होण्याचं चूर्ण घेते. आधी अर्धा चमचा पुरायचा, आता दोन चमच्यांनीही भागत नाही. दुसरं जोरदार काही सुचवा. (कळंबा)

ताई, जोरदार काही सुचवणार नाही. जोरदार घेत गेल्यानंच इथवर आलात.

त्या डब्यावरची घटकांची यादी भिंग लावून वाचा. बहुतेक अशा चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला चिमटा काढून हलायला लावते. अधूनमधून ठीक आहे, पण रोज घेतली की चिमट्याशिवाय हलायचं नाही अशी सवय लागते, आणि जास्त प्रमाणात घेत राहिलं तर अंगातलं पोटॅशियमही कमी होतं. आयुर्वेदिक आहे म्हणून कितीही दिवस चालतं, हा समज मला फार सतावतो.

मूळ गोष्ट अशी. वात कोरडा, थंड, आणि त्याचं मुख्य घर पक्वाशयात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या बाजूला. वयाबरोबर तिथला ओलावा आटतो. कोरड्या पडलेल्या पाटाला पाणी सोडायचं असतं, फावड्यानं खरवडायचं नसतं. म्हणून तूप. दुपारच्या गरम भातावर एक चमचा, रात्री कोमट दुधात अर्धा. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर दुपारचं ठेवा, रात्रीचं सोडा. दहा-बारा काळे मनुके रात्री भिजवून सकाळी चावून खा, साखरेचा आजार असेल तर तेही सोडा. दुधी, दोडका, पडवळ, सुरण अशा भाज्या तेलावर नीट शिजवून घ्या. कच्च्या कोशिंबिरीची मोठी वाटी तुमच्या वयाला वारा धरायला पुरेशी आहे.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारते : पाणी किती पिता? गुडघे दुखतात, रात्री उठायला लागू नये, म्हणून दुपारनंतर पाणी बंद करणाऱ्या बायका मी रोज बघते. त्यांना आपण पाणी कमी केलंय हेही आठवत नाही. सकाळपासून संध्याकाळी सहापर्यंत थोडं थोडं कोमट पाणी पीत राहा, नंतर कमी करा. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारासाठी पाण्याचं माप ठरवून दिलेलं असेल तर तेच पाळा.

नाष्ट्यानंतर वीस मिनिटांत शौचाला जाऊन बसा, आली-नाही आली तरी. पोटात अन्न पडलं की आतडं आपसूक हलतं, ती वेळ साधायची. कमोड असेल तर पायांखाली लाकडी पाट घ्या. आणि कळ आलेली असताना मालिका संपायची वाट बघू नका. वेग अडवू नयेत यासाठी चरकांनी अख्खा अध्याय लिहिला आहे.

चूर्ण एकदम थांबवू नका. दोन चमच्यांचं दीड, पंधरा दिवसांनी एक, असं उतरवत न्या. त्या जागी काय द्यायचं, त्रिफळा की आणखी काही, ते तुमची नाडी आणि जीभ बघून जवळच्या वैद्यांना ठरवू द्या. जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. लोहाच्या, कॅल्शियमच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी शौच घट्ट होते, आणि हे कुणी विचारल्याशिवाय पेशंट सांगत नाहीत.

शौचातून रक्त पडत असेल, मल डांबरासारखा काळा होत असेल, वजन उतरत असेल किंवा गेल्या काही महिन्यांतच सवय बदलली असेल, तर घरगुती काहीही न करता आधी तपासणी करून घ्या.

प्रश्न : वय ६९. पन्नास वर्षं गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जाऊन म्हशीचं धारोष्ण, काढल्या काढल्या मिळणारं दूध प्यायलो. आता प्यायलो की रात्रभर पोट गुडगुडतं. दूध भेसळीचं झालंय का? (मंगळवार पेठ)

समोर काढलेल्या दुधावर संशय घेऊ नका. बदललंय ते पोट. वाग्भटांनी धारोष्ण दुधाला अमृतासारखं म्हटलं आहे हे खरं, पण म्हशीचं दूध कुणासाठी तेही सांगितलं आहे : ज्याचा अग्नी अतिशय प्रखर आहे आणि ज्याला झोप येत नाही, त्याच्यासाठी. पैलवानाला ते जुळलं. वय वाढतं तसं दुधातली साखर पचवण्याची ताकदही अनेकांची कमी होते. शिवाय कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिसचा ताप आणि जनावरांचा क्षय माणसात येऊ शकतो, आणि तुमच्या वयाला तो धोका पत्करण्यात अर्थ नाही. कट्ट्यावर जरूर जा, चार दोस्त भेटतात. दूध मात्र घरी आणून उकळा, निम्मं पाणी आणि चिमूटभर सुंठ घाला, आणि अर्ध्या पेल्यावर थांबा. तरीही गुडगुडलं तर दुधाऐवजी दुपारचं ताक.

प्रश्न : मधुमेह आहे. साखर सोडली, पण आपला कोल्हापुरी गूळ चालतो ना? त्यात लोह असतं. (कागल)

नाही चालत. गूळ खाल्ला तरी रक्तातली साखर वाढतेच. मधुमेह ज्यात मोडतो त्या प्रमेहाची कारणं सांगताना चरकांनी गुळाच्या पदार्थांचं नाव घेऊन ठेवलं आहे. लोहासाठी मेथी, राजगिरा, नाचणी आहे, आणि रक्त कमी असेल तर औषध आहे.

प्रश्न : सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. दिवसातून चार-पाच वेळा चहा आणि त्यात बुडवून खारी, बाकी जेवणाला दोन घास. हातातल्या बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्यात. रागावलं की म्हणतात, म्हातारपणी एवढंच लागतं. (कसबा बावडा)

बांगड्यांचं लिहिलंत ते फार बरं झालं. म्हातारपणी एवढंच लागतं, हे खरं नाही. उतारवयात स्नायू आपसूक झिजतात, त्यामुळं प्रथिनं उलट जपून पुरवावी लागतात. किडनी ठीक असेल तर वजनाच्या किलोमागं साधारण १ ग्रॅम. सासूबाई ४५ किलोच्या असतील तर ४५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात, यावरून खारी-चहात काय मिळत असेल त्याचा अंदाज घ्या.

आधी तोंड बघा. कवळी सैल झाली आहे का? हिरडीला जखम आहे का? कितीतरी आज्या 'भूक नाही' म्हणतात, आणि तोंड उघडून बघावं तर भाकरी चावताना कवळी टोचत असते. मग डॉक्टरांकडून थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर बी-१२ कमी झालेलं असू शकतं. गिळताना ठसका लागत असेल तर तेही सांगा. मन उदास असलं तरी भूक मरते, आणि त्यालाही उपचार आहेत.

मग चहा. एकदम तोडू नका, सकाळ-संध्याकाळचा ठेवा आणि जेवणाआधीच्या दोन तासांतला काढा. गोड चहा-खारीनं भूक मारली जाते. जेवणाआधी दहा मिनिटं आल्याची नखाएवढी चकती सैंधवाचा कण लावून द्या, चावत नसेल तर आल्याचा रस अर्धा चमचा. जिभेला पाणी सुटतं.

ताट मोठं वाढू नका, भरलेलं ताट बघूनच त्या मागं सरतील. वर्षभर जुन्या आजरा घनसाळ तांदळाचा मऊ भात, त्यात मुगाची घट्ट डाळ आणि तूप, असं छोट्या वाटीत. अकराला दूध घालून नाचणीची खीर. चारला, चालत असेल तर, मऊ उकडलेलं अंडं किंवा मुगाचं धिरडं. रात्री लवकर, पातळ आणि गरम. दिवसाला चार छोट्या वाट्या, पण ठरलेल्या वेळी. मधे पोटाला मोकळीक.

तुमच्या पत्रात आणखी एक वाक्य होतं : 'आम्ही सगळे ऑफिसला गेल्यावर त्यांचं जेवण झाकून ठेवलेलं असतं.' दुपारी एकटीनं झाकण काढून थंड भात खायचा, तर मीही खारीच खाईन. शेजारच्या कुणी आजी असतील तर दोघींची पानं एकत्र मांडता येतील का, बघा. ते जमेपर्यंत त्यांचं मोठं जेवण सकाळी साडेनऊला, तुम्ही डबे भरता तेव्हाच, स्वयंपाकघरात तुमच्यासमोर गरम गरम होऊ द्या.

आणि दर महिन्याच्या १ तारखेला वजन करून कॅलेंडरवर लिहा. ४५ किलोच्या माणसाचं सहा महिन्यांत सव्वादोन किलो वजन आपोआप उतरलं, तर पुन्हा पत्र लिहीत बसू नका, त्याच आठवड्यात त्यांना दाखवून आणा.