रिकामे डबे, खोकी, दुधाच्या पिशव्या आणि भाजीची सालं गच्चीवरच्या बागेत खरंच कामाला येतात का?

तुम्ही लिहिलंय की इंदिरानगरला नुकतंच रो-हाऊस घेतलंय, वर गच्ची मोकळी आहे, आणि व्हिडिओ बघून बघून घरात डबे-बाटल्या साठायला लागल्यात. यातलं नेमकं काय चालतं ते सांगा, असं तुम्ही विचारलंय. घरच्यांनी अजून आरडाओरडा सुरू केला नसेल तर करतील. आमच्याकडे झालाय.

मी इथेच नाशिकच्या सिडकोत राहतो. सातपूरच्या एका कंपनीत २२ वर्षं स्टोअर्सला होतो, त्यामुळे बाग कळायच्या आधी मला पॅकिंग कळत होतं. गच्चीवर आता चाळीसेक झाडं आहेत आणि विकतची कुंडी एकच, तीही बहिणीने दिलेली. पण सुरुवातीची दोन वर्षं आमच्या गच्चीला बाग कमी आणि भंगाराचं दुकान जास्त म्हणावं अशी अवस्था होती. म्हणून आधी नकारघंटा वाजवतो.

स्टोअर्समधली सवय म्हणा, प्रत्येक रिकाम्या वस्तूला मी दोन प्रश्न विचारतो. आधी यात काय होतं? आणि एप्रिलच्या उन्हात हे किती दिवस टिकेल? दोन्ही उत्तरं पटली तरच ती वस्तू जिना चढते, नाहीतर भंगारवाल्याकडे.

पहिला प्रश्न लोक विचारतच नाहीत. अंबड-सातपूरच्या भंगारात निळे ड्रम अर्धे कापून मिळतात. मजबूत असतात, स्वस्त असतात, आणि त्यांच्यावरचं लेबल कोणीतरी आधीच खरवडून काढलेलं असतं. त्यातून तेल आलं, रंग आला, सॉल्व्हंट आलं की प्लेटिंगचं रसायन, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. धुतला तरी प्लॅस्टिकने जे शोषून घेतलंय ते आतच राहतं. असल्या ड्रममध्ये बोगनवेल लावा, खुशाल लावा. पालक-मेथी नाही. तसंच गावाकडून कोणी द्राक्षबागेतल्या औषधाचे कॅन ‘स्वच्छ धुतलेत’ म्हणत आणून दिले, तर हात जोडा आणि परत पाठवा. त्याला अपवाद नाही, अगदी फुलझाडालाही नाही.

लाकडी पॅलेट, म्हणजे कंपनीत माल रचायच्या फळ्यांच्या चौकटी, हल्ली सगळ्यांना हवे असतात. परदेशी मालाबरोबर आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखी खूण असलेला शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ ही अक्षरं असतील तर लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं आहे, बिनधास्त घ्या. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते खाण्याच्या भाजीपाशी नको. शिक्काच नसेल तर पॅलेट बहुतेक इथल्या इथलाच. रंगाचे, तेलाचे डाग नाहीत ना एवढं बघायचं. मी तीन पॅलेट वापरलेत, ते कुंड्यांखाली. बादल्या स्लॅबपासून चार बोटं उचललेल्या राहतात, पाणी साचत नाही आणि झाडू फिरतो.

दुसऱ्या प्रश्नात मी स्वतः आपटलोय. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, खाली कात्रीने टोचून त्यात शंभरेक रोपं केली होती. दोन महिने झकास. मग कामाच्या नादात लावणी राहिली, मे महिना गेला, आणि रोप उचलायला गेलो तर पिशवीच्या चिंध्या हातात आणि मुळं उघडी. त्या चिंध्या मला पुढची दोन वर्षं मातीत सापडत होत्या. दुधाची पिशवी पातळ पॉलिथिनची, उन्हापुढे तिचं काही चालत नाही. तेव्हापासून आमच्या पिशव्या धुऊन रद्दीवाल्याकडे जातात. रोपांना मी टेट्रापॅक वापरतो, ताकाचे, ज्यूसचे. वरून कापायचा, तळाचे दोन कोपरे छाटायचे, झालं. आत कागद, पॉलिथिन आणि ॲल्युमिनियमचे थर असतात, चार महिने आकार सोडत नाही.

थर्मोकोलच्या खोक्यांबद्दल मतभेद आहेत. हलकी असतात, थंडीत मुळं उबदार राहतात. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा आपल्याकडेही बी रुजायला उशीरच लागतो, त्या दिवसांत माझी टोमॅटोची रोपं थर्मोकोलमध्येच वर आली. पण वर्षभर उन्हात राहिलं की खोकं भुरभुरतं. ते पांढरे मणी पहिल्या पावसात गच्चीच्या पाइपातून गटारात, तिथून नासर्डी नदीत आणि पुढे गोदावरीत. मी बंद केलं. तुमच्याकडे असेल तर सावलीत वापरा.

आता जे खरंच चालतं ते.

डिस्टेंपरची २० लिटरची बादली. याहून चांगली फुकट कुंडी मला अजून सापडलेली नाही. घराचं रंगकाम झालं की पेंटरला आधीच सांगून ठेवायचं, नाहीतर तो घेऊन जातो. आतला रंग पूर्ण वाळू द्या, मग तो पापडासारखा सोलून निघतो. ओला असताना धुवत बसलात तर सगळं पाणी गटारात रंगीत. भोकं तळाला नको, बाजूला, तळापासून बोटभर वर, सहा-सात, करंगळीएवढी. तळाची भोकं सपाट स्लॅबवर टेकून बंद होतात आणि झाड का पिवळं पडतंय ते महिनाभर कळत नाही. आत विटांचे तुकडे, खडी भरायची गरज नाही, त्याने निचरा वाढत नाही, वजन वाढतं. भोकावर नारळाच्या शेंड्या ठेवल्या की माती वाहून जात नाही. आणि वजनाचं मनावर घ्या: नुसत्या काळ्या मातीने भरलेली ही बादली ओली झाली की ३० किलोच्या वर जाते. चाळीस बादल्यांचा हिशोब करा. म्हणून अर्धी बादली पालापाचोळा, वर खत आणि थोडीच माती.

दुसरी वस्तू खास आपल्या नाशिकची, द्राक्षाचे पनेट. तेच पारदर्शक, झाकणाला भोकं असलेले अर्ध्या किलोचे डबे. जानेवारी ते एप्रिल घरात येतच असतात. ओलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बी, झाकण बंद: मिरची आणि वांग्याचं बी यात जितकं उगवतं तितकं वाफ्यात उगवत नाही. वर भोकं आहेत म्हणून घाम धरून बुरशी येत नाही. एक मात्र बघा. निर्यातीच्या पेटीत द्राक्षांवर कागदासारखा एक पॅड ठेवलेला असतो. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. ओल लागली की त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो, द्राक्षाला बुरशी लागू नये म्हणून. तो पॅड खतात जाऊ देऊ नका. माझ्याकडून एकदा पुठ्ठ्याबरोबर गेला होता, बादलीचं झाकण उघडल्यावर ठसका लागला तेव्हा कळलं.

पेटीचा पुठ्ठा मात्र सोनं. चिकटपट्टी आणि चकचकीत छपाईचा भाग काढायचा, बाकीचा भिजवून फाडून खतात. दुकानाची गुळगुळीत बिलं त्यात टाकू नका, त्या कागदावर रसायनाचा थर असतो.

जुन्या माठाबद्दल एक गैरसमज आहे. माठ मातीत पुरला की पाझरून झाडाला पाणी देतो, हे खरं. पण जो माठ पाणी गार करेनासा झाला म्हणून आपण काढतो, त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात, म्हणूनच तर तो गार करत नाही. तो पाझरणार कसा? पुरायचा तर नवा, लहान माठ घ्या. जुन्याला खाली भोक पाडा आणि त्यात गवती चहा लावा.

स्वयंपाकघराचं वेगळंच. यूट्यूबवर रोज नवा काढा असतो: कांद्याच्या सालांचं पाणी, केळ्याच्या सालांचं पाणी, तांदळाचं धुवण. नुकसान नाही, जादूही नाही. अंड्याची टरफलं तर आपल्या काळ्या मातीत घालायची मुळात गरज कमी, तिच्यात चुनखडी आधीच भरपूर असते. राखेचंही तेच, जास्त घातली तर पानं पिवळी पडतील. चहाचा चोथा चांगला, पण आधी धुवा. दूध-साखरेसकट टाकला की मुंग्या येतात, आणि मुंग्यांच्या मागोमाग पिठ्या ढेकूण, ही झाडाला लागणारी पांढरी कीड.

हे सगळं सुटं सुटं कुंडीत टाकण्यापेक्षा एका बादलीत खत करा. त्याच रंगाच्या बादलीला चारी बाजूंनी भोकं, तळाला वीतभर वाळकी पानं. रोजचा ओला कचरा बारीक करून टाकायचा आणि त्याच्या दुप्पट सुका: पानं, पुठ्ठा, रसवंतीवरचं चिपाड दोन दिवस उन्हात वाळवून. सुरुवातीला मूठभर शेणखत किंवा वाटीभर आंबट ताक. शिजलेलं, तेलकट, खारट टाकू नका, उंदीर येतात. मार्च-एप्रिलमध्ये कॉलनीतले लोक पानं झाडून पेटवतात. पेटवायच्या आत पोतं घेऊन पोचायचं, वर्षाची बेगमी होते. वास आला म्हणजे ओल जास्त झाली, सुकं वाढवा. करड्या रंगाच्या जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका, ब्लॅक सोल्जर माशीच्या आहेत, कचरा खातात, चावत नाहीत. हे मी आमच्या सौभाग्यवतींना बादली जिन्यावरून खाली भिरकावली गेल्यानंतर सांगितलं. तुम्ही आधी सांगा.

साधारण अडीच-तीन महिन्यांत बादलीभर कचऱ्याचं पाव बादली खत होतं, काळं, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीचा वास येणारं. त्यात बिया मरत नाहीत, हा तोटा समजा किंवा फायदा. मागच्या पावसाळ्यात आमच्या कढीपत्त्याच्या बादलीतून लाल भोपळ्याचा वेल आपसूक निघाला, कठड्यावरून शेजारच्या गच्चीत उतरला आणि फळ धरलं ते त्यांच्या बाजूला. आम्ही काही बोललो नाही, त्यांनीही काही विचारलं नाही. दिवाळीच्या आधी एक दिवस वहिनींनी डब्यातून आठ घारगे पाठवले.