'गतिमंद' की 'अध्ययन अक्षमता'?

फोंड्याहून एका आईने विचारलं आहे : "मुलगा चौथीत, सरकारी मराठी शाळेत. तपासणीचा अहवाल इंग्रजीत आला, त्यात 'स्पेसिफिक लर्निंग डिसेबिलिटी' असं निदान आहे. शाळेला मराठीत अर्ज द्यायचा आहे. एक शिक्षक म्हणाले 'गतिमंद' लिहा. दुसरीकडे 'अध्ययन अक्षम' असा शब्द वाचला. बरोबर कुठला?"

'गतिमंद' अजिबात लिहू नका. चुकीचा तर आहेच, पण या अर्जात तो मुलाच्या हक्काच्या आडही येईल.

मतिमंद, गतिमंद आणि अध्ययन अक्षमता या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि बोलण्यात त्यांची सर्रास सरमिसळ होते. 'मतिमंद' हा शब्द आता मागे पडतो आहे, आणि पडावाच. त्या जागी 'बौद्धिक अक्षमता' म्हणतात. 'गतिमंद' त्याच साच्यातून निघालेला. ज्या मुलाचा बुद्ध्यंक सरासरीहून थोडा कमी असतो आणि ज्याला सगळेच विषय समजायला वेळ लागतो, त्याच्यासाठी तो वापरतात. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं तसं नाही. तिथे समज चांगली असते, तोंडी विचारलं तर उत्तर खाडकन येतं, पण तेच कागदावर उतरवताना किंवा पुस्तकातून वाचताना गाडं अडतं. वाचनात अडलं तर डिस्लेक्सिया, लेखनात डिस्ग्राफिया, आकडेमोडीत डिस्कॅल्क्युलिया. एकाच मुलाला यांतल्या दोन अडचणीही असू शकतात.

हा फरक म्हणजे शब्दांचा कीस नव्हे. अपंगांसाठीच्या १९९५च्या कायद्यात सात प्रकार होते आणि त्यांत अध्ययन अक्षमता नव्हती. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले, त्यांत 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' आहे. 'गतिमंदता' मात्र त्या यादीत आजही नाही. म्हणजे अर्जावर 'गतिमंद' लिहिलंत, तर मुलाचं ज्या नावाने निदान झालं आणि ज्या नावाने कायदा त्याला ओळखतो, तेच नाव तुम्ही खोडलंत.

त्यातलं 'विशिष्ट' गाळू नका. मराठीत आपण ते हमखास गाळतो, आणि मग ऐकणाऱ्याला वाटतं, मुलाला शिकताच येत नाही. अडचण अमुक एका कामापुरती आहे, हे तो एकच शब्द सांगतो. याच कारणाने 'अध्ययन अक्षम विद्यार्थी' ही रचनाही मला खटकते. अक्षम म्हणजे असमर्थ. विशेषण थेट मुलाला चिकटलं की अख्खं मूलच असमर्थ ठरतं. 'विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेला विद्यार्थी' लांबलचक आहे खरं, पण तेच लिहा.

आपल्याकडे या सगळ्या मुलांना पूर्वी एकच शब्द होता, 'ढ'. ब्राह्मीपासून आजपर्यंत ढ या अक्षराचं वळण फारसं बदललं नाही, म्हणून जो पुढे सरकत नाही तो 'ढ', अशी त्याची उपपत्ती सांगतात. उपपत्ती चतुर आहे, पण त्या एका अक्षराने कितीतरी हुशार मुलांना मागच्या बाकावर बसवलं.

गोव्यात आणखी एक गुंता आहे. घरी कोंकणी, प्राथमिक शाळा मराठी आणि पाचवीपासून माध्यम इंग्रजी. त्यामुळे वहीतली कुठली चूक कशाची, हे नीट पाहावं लागतं. मुलाने 'घोडा'च्या जागी 'घोडो' लिहिलं तर ती घरची भाषा आहे, अक्षमता नव्हे. 'किती'चं 'कीती' तर मोठी माणसंही करतात. पण 'घर'चं 'धर', 'भात'चं 'मात', 'गर्व'चं 'ग्रव' होत असेल, पहिली वेलांटी कधी अक्षराच्या आधी तर कधी नंतर पडत असेल, आणि शिकवून, सराव करूनही चौथीपर्यंत हे सुटत नसेल, तर ते तपासून घ्यायलाच हवं. डिस्लेक्सिया म्हटलं की इंग्रजी 'बी' आणि 'डी'ची अदलाबदल सांगितली जाते. मराठी शाळेतल्या शिक्षकांनी घ-ध, भ-म, थ-य आणि रफार यांच्याकडे पाहावं. पाचवीत इंग्रजी आल्यावर 'माध्यम बदललं, होईल सवय' म्हणत वर्षं जातात. मूळ अडचण मराठीतच दिसत होती का, हे कोणी मागे जाऊन बघत नाही.

शेवटी, तुमच्या प्रश्नात नसलेला पण अर्जात येणारच असा एक शब्द : 'सवलत'. जादा वेळ, लेखनिक यांना आपण सवलत म्हणतो, गोव्यात तर सरळ 'कन्सेशन'. सवलत म्हटलं की कोणीतरी मेहेरबानी केल्याचा वास येतो. कायद्यात कल्पना आहे ती वाजवी सोयीची. ज्याला लिहायला जड जातं त्याला लेखनिक दिला, तर प्रश्नपत्रिका सोपी होत नाही. उत्तर त्याचं त्यालाच द्यावं लागतं. मी 'सोय' लिहितो. शालान्त मंडळाच्या छापील अर्जावर जो शब्द असेल तो तसाच भरावा, तिथे हट्ट नको.

तेव्हा अर्जात असं लिहा : "माझ्या मुलाला वाचन व लेखन यांबाबतची विशिष्ट अध्ययन अक्षमता (स्पेसिफिक लर्निंग डिसेबिलिटी) असल्याचे निदान झाले आहे. अहवालाची प्रत जोडली आहे. त्याला लेखी परीक्षेत जादा वेळ मिळावा आणि वर्गात शक्य तिथे तोंडी उत्तरे घ्यावीत, ही विनंती." अहवालात फक्त वाचनाचा उल्लेख असेल तर 'व लेखन' काढा. 'बाबतचा त्रास', 'आजार' असलं काही घालू नका, कारण हा आजार नाही. आणि घरी मुलाशी बोलताना यातला एकही शब्द लागणार नाही. "तुला वाचायला जड जातं, म्हणून आपण वेगळ्या रीतीने शिकू" एवढं त्याला कळतं.