आवडत्या पुस्तकावर सिनेमा आला तर बघावा का?

तुम्ही विचारलंय की आवडत्या कादंबरीवर सिनेमा आला की बघायची धाकधूक वाटते, पुढचा भाग आला तरी तेच, आणि ऑनलाइन वाचनग्रुपमध्ये गेलं की अजूनच गोंधळ उडतो, तर काय करावं. माझ्यापुरतं सांगते, पटलं तर घ्या.

सिनेमा बघा, फक्त आधी पुस्तक किती जाड आहे ते बघा. गंमत नाही करत. 400 पानांची कादंबरी ऑडिओबुकवर ऐकायला दहा-बारा तास सहज जातात आणि सिनेमावाल्याकडे असतात दोन-अडीच, म्हणजे तो कापणारच, आणि कापताना सगळ्यात आधी जातं ते पात्राच्या डोक्यात चाललेलं, जे कॅमेऱ्याला दिसतच नाही. म्हणून मला दीर्घकथांवरचे सिनेमे जास्त जमलेले वाटतात. अमेरिकन लेखक स्टीफन किंगच्या 'डिफरंट सीझन्स' (1982) मध्ये चारच दीर्घकथा आहेत, त्यातल्या एकीवर 1986 ला 'स्टँड बाय मी' आला आणि दुसरीवर 1994 ला 'द शॉशँक रिडेम्प्शन'. (तिसरीवरही आला, त्याचं एवढं नाव झालं नाही, ते सोडा.) आता पुस्तकाशी इमान राखलं की सिनेमा चांगलाच होतो असंही नाही हं. किंगच्याच कादंबरीवरचा, दिग्दर्शक कुब्रिकचा 'द शायनिंग' खुद्द किंगला आवडला नव्हता, त्याने 1997 ला स्वतः पटकथा लिहून टीव्हीसाठी मिनीसिरीज केली, तरी लोक अजून डोक्यावर घेतात तो कुब्रिकचाच.

सिक्वेलचं म्हणाल तर मी एकच बघते, लेखकाला सांगायचं काही उरलंय की नुसतं विकायचं उरलंय. 'डॉन किहोते' या स्पॅनिश कादंबरीचा पहिला भाग आला 1605 ला, तो एवढा चालला की 1614 ला भलत्याच कुणीतरी टोपणनावाने त्याचा पुढचा भाग छापून टाकला. मूळ लेखक सर्व्हांतेस भडकला, आणि 1615 च्या त्याच्या खऱ्या दुसऱ्या भागात डॉन किहोतेलाच त्या नकली पुस्तकाचा पत्ता लागतो, त्यात आपल्याला सारागोसाला नेलंय हे कळल्यावर हा पठ्ठ्या ठरलेला सारागोसाचा बेत रद्द करून बार्सिलोनाला जातो! असा सिक्वेल असेल तर दहा वर्षं थांबायला तयार आहे मी. पहिली तीस पानं मागच्या भागाची उजळणीच चालली असेल तर मात्र सरळ मिटून ठेवायचं.

ग्रुपबद्दल माझं जरा वाकडं मत आहे. वर्षात इतकी पुस्तकं वाचणार असं जाहीर करायची चॅलेंजेस असतात ना, त्यात लोक आकडा गाठायला बारीक बारीक पुस्तकं शोधतात, तो नाद मला पटत नाही. पण एकच पुस्तक प्रकरणागणिक सोबत वाचणारे ग्रुप भारी असतात, आपण ज्या वाक्यावरून घसरून पुढे गेलो तिथे कुणीतरी बरोब्बर बोट ठेवतं. स्पॉइलरची, म्हणजे पुढची गोष्ट आधीच फुटण्याची, भीती मात्र आता दोन्हीकडून आहे. 'गेम ऑफ थ्रोन्स' ही कादंबऱ्यांवरची टीव्ही सिरीज सुरू झाली तेव्हा पुस्तकवाले तोंडाला कुलूप लावून बसायचे, मग सिरीज पुस्तकांच्या पुढे निघून गेली, 2019 ला संपलीसुद्धा, तेव्हा मूळ मालिकेचे शेवटचे दोन खंड यायचेच होते, त्यामुळे पुस्तकवालेच कान झाकून फिरायला लागले.

आणि रिव्ह्यू वाचायचेच असतील तर पाच स्टार आणि एक स्टारवाले सोडून द्या, तीन स्टारवाले वाचा, तिथे काय जमलं आणि काय फसलं ते नीट लिहिलेलं सापडतं.