पुण्यात फ्लॅटमध्ये राहून लोहारकाम आणि वेल्डिंगचा छंद सुरू करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, नोकरी आयटीतली, शनिवार-रविवार मोकळे आणि वीस हजार रुपये बाजूला काढलेत. गच्चीवर छोटी भट्टी आणि एक वेल्डिंग मशीन ठेवायचंय, तर आधी काय घ्यावं?

आधी काहीच घेऊ नका. आणि गच्ची तर डोक्यातून काढूनच टाका. मी ती चूक करून बसलोय म्हणून सांगतो.

भोसरीच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं क्वालिटीला होतो. म्हणजे दुसऱ्यांनी घडवलेलं लोखंड व्हर्नियर लावून मोजायचं आणि नापास करायचं. चाळिशी उलटल्यावर वाटलं, एकदा आपण घडवून बघू. जुन्या घमेल्याला आतून माती लिंपली, बाजूने एक पाइप घातला, पाइपाच्या दुसऱ्या तोंडाला बायकोचा हेअर ड्रायर लावला आणि सोसायटीच्या गच्चीवर लाकडी कोळसा पेटवला. मे महिना होता. लाकडी कोळशाला जोरात वारा दिला की तो तडतडतो आणि ठिणग्या उडतात, हे वाचून माहीत होतं, पण किती उडतात ते माहीत नव्हतं. दहा फुटांवर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी साबुदाण्याच्या पापड्या घातल्या होत्या. प्लास्टिकच्या कागदाला बारीक बारीक भोकं पडली, पापड्यांवर राख. काकू काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी सेक्रेटरी बोलले.

धूर आणि ठिणग्या एकवेळ आवरता येतील, आवाज आवरत नाही. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल ही नियमातली मर्यादा. मोकळी ऐरण घंटेसारखी वाजते, ती 55 मध्ये बसणं शक्यच नाही. ऐरणीच्या कमरेला जाड साखळी गुंडाळली किंवा खालून स्पीकरचं मोठं लोहचुंबक चिकटवलं की टणटणाट बराच बसतो, पण घाव तो घावच. खालच्या मजल्यावर कुणाचं बाळ झोपलेलं असलं तर तुमची साखळी त्याला पटणार नाही.

तेव्हा पहिला खर्च जागेचा. माझा पत्र्याचा आडोसा पिरंगुटच्या पुढे मेव्हण्याच्या प्लॉटवर आहे, ते नशीब. पण त्याआधी सहा महिने मी धायरीतल्या एका ग्रिलवाल्याच्या शेडमध्ये रविवारी जात होतो. त्याला सरळ सांगितलं, शिकायचंय, वेल्डिंगचे रॉड माझे, लाइटबिलाचे पैसे देतो, अडचण होणार नाही. त्याने आधी वेड्यात काढलं, मग झाडू हातात दिला, आणि तिसऱ्या रविवारी होल्डर, म्हणजे रॉड पकडायची मूठ. कोथरूडपासून शिवणे, नऱ्हे, धायरीपर्यंत असे फॅब्रिकेशनवाले ढिगाने आहेत. एखादा नाही म्हणेल, पुढच्याकडे जायचं. रीतसर शिकायचं असेल तर औंधला सरकारी आयटीआय आहे. वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा असतो, पण नोकरी सांभाळून ते जमणं अवघड.

वेल्डिंग आधी आणि भट्टी नंतर, असा माझा सल्ला. अस्सल लोहारकामवाल्यांना हा क्रम पटणार नाही. पण वेल्डिंग आलं की भट्टीचा स्टँड, सांडशी (तापलेलं लोखंड धरायचा लांब चिमटा) टांगायची पट्टी, सगळं स्वतःच करता येतं.

मशीन 200 अँपिअरचं सिंगल फेज इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन पुरे. घरच्या लाइनवर चालेल का, हे सगळेच विचारतात, तर साधा हिशोब करा. अडीच एमएमचा 6013 नंबरचा (साध्या कामाचा) रॉड 80 अँपिअरवर छान चालतो. आर्कचं, म्हणजे रॉड आणि लोखंडामधल्या विजेच्या ज्योतीचं, व्होल्टेज तेव्हा साधारण 23, म्हणजे पावणेदोन-दोन किलोवॉट. मशीनमधला तोटा आणि पॉवर फॅक्टर धरला की 230 व्होल्टच्या लाइनवरून 13-14 अँपिअर ओढले जातात. चांगल्या वायरिंगचा 16 अँपिअरचा पॉइंट ते सोसतो. सव्वातीनचा रॉड लावून 120 वर गेलात की सोसत नाही, एमसीबी पडते. पडू दे. मोठी एमसीबी टाकून घेऊ नका, भिंतीतली वायर बदललेली नसते.

सुरुवातीचे दोन महिने काही बनवायचं नाही. पाच एमएमची भंगारातली पट्टी घ्यायची, खडूने रेघा मारायच्या आणि रेघेवरून रॉड ओढायचा. रॉड चिकटेल. होल्डर जागच्या जागी पिळून सोडवायचा, जोरात ओढायचा नाही. डोळा उजेडावर ठेवला तर काही शिकता येत नाही, त्याच्या मागे वितळलेल्या लोखंडाचा जो लाल चिखल साचत येतो त्याच्याकडे बघायचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ग्रिलवाल्याच्या पोऱ्याने एकदा माझ्या हेल्मेटवर टिचकी मारली आणि म्हणाला, “काका, मागं बघा की, पुढं काय बघताय?” त्या दिवसापासून माझं वेल्डिंग सुधारलं. स्लॅग, म्हणजे जोडावरची कडक खपली, थंड झाल्यावर ठोका, आणि ठोकताना पारदर्शक सेफ्टी चष्मा हवाच. गरम खपली थेट डोळ्याकडेच कशी येते कोण जाणे.

आता जस्ताची गोष्ट. पावसाळ्यात, शेडची दारं लावून, मी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पाइपाचा कुंड्यांचा स्टँड जोडला. पांढरा धूर, सुताच्या गुंडाळीसारखा, आणि तोंडात गोडसर धातूची चव. जस्त 907 अंशांना उकळतं आणि आर्क त्याच्या कितीतरी वर असतो, हे मला पाठ होतं. तरी केलं, कारण बाहेर पाऊस होता. रात्री नऊला थंडी वाजून ताप, अंग मोडून आलं. ऑगस्टचे दिवस, घरात सगळ्यांना डेंग्यूच वाटला. डॉक्टरांनी दिवसभर काय केलं ते विचारलं आणि रक्त तपासायला दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ताप आपोआप उतरला होता. वर्कशॉपात यावर गूळ नाहीतर दूध सांगतात. खुशाल घ्या, पण त्याने फुफ्फुसात गेलेला धूर बाहेर येत नाही. जीआय जोडायचंच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंचा दोन-दोन इंच मुलामा ग्राइंडरने काढा, उघड्यावर बसा, वारा पाठीकडून नाही, एका बाजूने येऊ दे. आणि खरं सांगायचं तर नवशिक्याने बिनमुलाम्याचा काळा पाइपच घ्यावा.

डोळ्यांचं दोन वाक्यांत सांगतो. उजेड लागला की लगेच कळत नाही, सहा-आठ तासांनी मध्यरात्री पापण्यांखाली वाळू घातल्यासारखं होतं. तेव्हा बटाट्याच्या चकत्या न ठेवता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, आणि पुढच्या वेळी हेल्मेटला दहा-अकरा नंबरची काळी काच वापरा. पावसात ओले हातमोजे, ओले बूट घालून होल्डरला हात लावायचा नाही. मशीन चालू असून रॉड टेकवलेला नसतानाचं मोकळं व्होल्टेज साठ-सत्तर असतं, ओल्या अंगाला ते पुरतं. बंद टाकी, ड्रम, जुनी पेट्रोलची टाकी कुणीही आणली तरी जोडून द्यायची नाही, मेव्हण्याने आणली तरी.

तर आता भट्टी, म्हणजे तुमच्या प्रश्नातला खरा जीव.

मुळशीकडच्या एका गावात एक म्हातारे लोहार आहेत, मी त्यांना मामा म्हणतो. भातकापणीच्या आधी त्यांच्याकडे विळे आणि खुरपी शेवटायला, म्हणजे तापवून-ठोकून पुन्हा धारेला आणायला, रांग लागते. मी त्यांच्याकडे वर्षभर अधूनमधून भाता ओढला. भाता म्हणजे आता हाताने फिरवायचा पंखा. कातडी भाता माळ्यावर पडलाय. त्यांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट कानाची होती. “बद्द वाजतंय तवर मारा. टण् वाजलं की आत घाला.” लोखंड गरम आणि मऊ असेपर्यंत घाव बोदा वाजतो, निवलं की ऐरणीसारखाच सूर लागतो. त्या सुरानंतर मारलेला प्रत्येक घाव मनगटाला लागतो आणि लोखंडात भेग सोडतो.

दुसरी गोष्ट रंगाची. त्यासाठी भट्टी सावलीत हवी, उन्हात केशरी लोखंडही काळं दिसतं आणि तुम्ही ते जाळून टाकता. काळपट लाल म्हणजे अजून थांबा. गाजरी, नऊशेच्या आसपास, म्हणजे हलकं वाकवणं-सरळ करणं चालेल. पिकल्या आंब्याचा पिवळा, हजार-अकराशे, ही घडवायची वेळ. त्यापुढे पांढरं होऊन फुलबाजीसारख्या चांदण्या उडाल्या की ते टोक जळालं, कापून टाका. ते परत जुळत नाही.

पहिली वस्तू: आकडा, पिशवी टांगायचा. आठ एमएमची साधी चौकोनी सळई घ्या. बांधकामावरची काटेरी सळई नको, तिच्यावरच्या रेघा ठोकताना घडी होऊन आत दबतात. टोक काढताना सगळे नवशिके सळई गोल फिरवत ठोकतात, मीही ठोकली. टोक आतून फाटलं, बोरूसारखं पोकळ. मामांनी ते माझ्या हातातून घेतलं, फाटलेलं कापलं, परत तापवलं आणि एक बाजू ठोकली, पाव वळसा, दुसरी बाजू, परत पाव वळसा. आधी नेमकं चौकोनी टोक. मग चारी कोपरे दाबून अष्टकोन. गोल सगळ्यात शेवटी, हलक्या हाताने, चार-पाच टिचक्यांत. त्यांनी दोन तावांत, म्हणजे दोनदा तापवून, आकडा केला. मला सात लागले, आणि तो आजही आमच्या स्वयंपाकघरात वाकडाच लटकतोय.

पंधरा-वीस आकडे झाल्याशिवाय धारेच्या वस्तूकडे जाऊ नका. धारेला कर्ब (कार्बन) लागतो आणि साध्या एमएसला (माइल्ड स्टीलला) पाणी चढत नाही, म्हणजे तापवून बुडवलं तरी ते कडक होत नाही. ट्रकचा मोडका कमानपाटा (स्प्रिंगची पट्टी) उत्तम. भंगारात काय आहे ओळखायचं तर ग्राइंडरला लावून ठिणगी बघा: एमएसची ठिणगी लांब, सरळ, पाट्याची फुटून फुलते. मी पहिलं खुरपं पाट्याचं केलं, गाजरी तापवलं आणि सगळंच्या सगळं बादलीत बुडवलं. ‘टिक्’ असा बारीक आवाज आला. मधोमध केसाएवढी भेग. मामा फक्त धार बुडवतात, चार-पाचपर्यंत मोजतात, बाहेर काढून विटेच्या तुकड्याने काळवंडलेला पृष्ठभाग घासतात आणि बघत बसतात. पाठीकडची उष्णता धारेकडे सरकत येते आणि चकाकत्या पट्टीवर रंग धावतात: आधी फिकट सोनेरी, मग तपकिरी, मग जांभळा. खुरप्याला जांभळा धारेला टेकला की पूर्ण पाण्यात. सोनेरीवर थांबवलं तर धार कडक राहते पण दगडाला लागून चिरते. आपल्यासारख्यांनी कोमट तेल वापरावं, लोखंडी डब्यात, झाकण हाताशी ठेवून. आणि किती तापवायचं ते डोळ्याला कळेना तर लोहचुंबक लावा. 770 अंशांच्या आसपास ते चिकटायचं थांबतं, त्याच्या जरा वर गेलं की बुडवायची वेळ.

कोयता मात्र बनवू नका. शेतकऱ्याने केला तर ते अवजार असतं. पुण्यात हौसेने केलेला कोयता गाडीच्या डिकीत सापडला तर पोलिसांना छंद समजावून सांगणं कठीण जाईल. पात्याची लांबी नऊ इंचांच्या वर किंवा रुंदी दोन इंचांच्या वर गेली आणि घर, शेती, कामधंदा यांतलं कारण दाखवता आलं नाही, तर शस्त्रांचे नियम लागू होतात.

ऐरणीचं. सगळे व्हिडिओ रुळाचा तुकडा घ्या म्हणतात. आपल्याकडे रेल्वेच्या मालमत्तेचा 1966 चा स्वतंत्र कायदा आहे आणि तुकडा तुमच्याकडे कुठून आला हे तुम्हालाच दाखवावं लागतं. बिल देणारा भंगारवाला नसेल तर सोडून द्या. मी जाड शाफ्टचा उभा तुकडा लाकडाच्या ओंडक्यात गाडून तीन वर्षं काढली. उंची एवढीच बघा की उभं राहून मूठ वळली तर बोटांची पेरं माथ्याला टेकावीत.

गॅसच्या भट्टीचा मोह होईल. घरचा लाल सिलिंडर आणि शेगडीचा रेग्युलेटर त्यावर चालत नाही, दाब पुरत नाही आणि घरगुती सिलिंडर दुसऱ्या कामाला वापरायची परवानगीही नाही. ते पुढच्या वर्षी बघू.

वीस हजारांचं म्हणाल तर मशीन, हेल्मेट, चार इंची ग्राइंडर, चामडी हातमोजे आणि रॉड यांत साधारण पंधरा जातात. गार्ड काढलेला ग्राइंडर कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. ग्राइंडर आणि रॉड बोहरी आळीत मिळतील. हातोडा आणि सांडशी मात्र नवी घेऊ नका. रविवारी किंवा बुधवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात सकाळी लवकर जा, आठ एमएमची सळई खिशात ठेवा आणि प्रत्येक सांडशीच्या तोंडात ती धरून बघा. सळई हलली तर ती सांडशी खाली ठेवायची, विक्रेता कितीही म्हणाला तरी.