बहरीनमधले निम्म्याहून जास्त लोक खरंच बाहेर जन्मलेत का?

बहरीनमध्ये निम्म्याहून जास्त लोक परदेशात जन्मलेले आहेत हे खरं का, असं विचारलंय, आणि हा आकडा देशांच्या तक्त्यात टाकायचाय. आकडा खोटा नाहीये, पण तो जन्माचा नाही, पासपोर्टचा आहे. 2020 च्या जनगणनेत एकूण लोक 15 लाखांच्या जरासे वर, त्यात 7.12 लाख बहरीनी आणि 7.89 लाख बिगर-बहरीनी, म्हणजे 52.6 टक्के. जिथे जन्मस्थानाची माहिती मिळत नाही तिथे यूएनसुद्धा नागरिकत्वाचा आकडा धरतं, मग लोक तोच उचलतात आणि 'बाहेर जन्मलेले' म्हणून फॉरवर्ड करत बसतात.

आता राजधानी मनामाच्या एखाद्या हॉस्पिटलात भारतीय जोडप्याला मूल झालं असं धरा. जन्मदाखला बहरीनचा मिळतो, नागरिकत्व मात्र नाही, कारण 1963 च्या कायद्यात ते मुख्यतः वडिलांकडून येतं. मग वडिलांची पळापळ सुरू, भारतीय दूतावासात नोंद करायची (कोणाचं बाळ लहान असेल तर ही नोंद वर्षाच्या आत कराच, नाहीतर केंद्र सरकारची परवानगी लागते), पासपोर्ट काढायचा, मग रेसिडेन्सी (राहण्याचा परवाना) आणि सीपीआर कार्ड (तिथलं ओळखपत्र). पासपोर्टवर जन्मस्थान मनामा आणि राष्ट्रीयत्व भारतीय. ते पोर अजून विमानात बसलेलंही नसतं आणि मोजणीत ते परदेशी! शाळा तिथली, मित्र तिथले, पण वडिलांची नोकरी सुटली की सगळ्या घराची रेसिडेन्सीच धोक्यात येते. मला सगळ्यात जास्त हे लागतं, कारण 52.6 टक्के वाचताना ही मुलं कोणाच्या डोळ्यासमोरच येत नाहीत.

उलटंही होतं. बाहेर जन्मलेला माणूस नागरिक होऊ शकतो, कायद्यात अरबांना 15 आणि इतरांना 25 वर्षं सलग राहण्याची अट आहे, शिवाय अरबी यायला हवी, आणि सुरक्षा दलांमध्ये बाहेरून भरती झालेल्या बऱ्याच जणांना नागरिकत्व दिलं गेलं, त्यावरून तिथे राजकीय वादही खूप झालेत. असे लोक जन्माने बाहेरचे पण मोजणीत बहरीनी.

बाहेरची माणसं तेलामुळेच आली असंही समजू नका. तेल सापडलं 1932 ला, मनामाच्या बाजारातलं भाटिया व्यापाऱ्यांचं श्रीनाथजींचं मंदिर 200 वर्षांहून जुनं आहे. मोती मुंबईला यायचे आणि 1965 मध्ये दिनार येईपर्यंत तिकडे रुपयाच चालायचा. इंडियन स्कूल 1950 पासून आहे. पण खरी उसळी अलीकडची, 2001 ला एकूण लोकसंख्या साडेसहा लाख आणि त्यात बिगर-बहरीनी 38 टक्के, 2010 ला 12.35 लाखांच्या आसपास आणि 54 टक्के. या नव्या लोकांत एकटे आलेले पुरुषच जास्त, बांधकामावरचे, दुकानांतले, बांगलादेशी, पाकिस्तानी, आणि सगळ्यात मोठा गट आपला भारतीयांचा, त्यात मल्याळी खूप आणि रत्नागिरीकडचेही आहेतच.

तेव्हा तुमच्या तक्त्यात मथळा 'बिगर-नागरिक' असा द्या, खाली 2020 ची जनगणना लिहा, आणि हा आकडा ज्या देशांत जन्मस्थान विचारून मोजलेलं असतं त्यांच्या शेजारी ठेवून तुलना करू नका.